‘माझा फोटो चांगला येत नाही!’

दहावीच्या परीक्षेचा अर्ज असो की शिष्यवृत्तीचा, वर्गशिक्षकांना दरवर्षी मुलांचे फोटो गोळा करावे लागतात. भोर आणि वेल्हे (आताचे नाव राजगड) या तालुक्यांत नीरा-देवघर, भाटघर, गुंजवणी या धरणांच्या वरच्या अंगाला अनेक वाड्यावस्त्या आहेत. तिथल्या मुलाने फोटोसाठी स्टुडिओ गाठायचा, तर तालुक्याच्या गावी किंवा नसरापूरसारख्या बाजारपेठेत जावे लागते आणि दिवस मोडतो. त्यापेक्षा शाळेच्या पांढऱ्या भिंतीपुढे एकेकाला उभे करून शिक्षकांनीच मोबाइलवर फोटो काढणे सोपे. फोटो पाहून मुले म्हणतात, “माझा फोटो चांगला येतच नाही!” एखादी सावळी मुलगी तर फोटो बघायचेही टाळते.

भोरला फोटो लागण्याचे आणखी एक निमित्त आहे. पंतसचिवांचा राजवाडा चित्रपट आणि मालिकांच्या चित्रीकरणासाठी ओळखीचा आहे. पडद्यावर दिसावे असे कुणाला वाटले आणि त्याने पुण्या-मुंबईकडे नाव पाठवले, की पहिली मागणी येते ती फोटोची. खांद्यापासून वरच्या, स्पष्ट, साध्या पार्श्वभूमीवरच्या अशा फोटोला त्या व्यवसायात ‘हेडशॉट’ म्हणतात. नट आणि मॉडेल यांचे ते ओळखपत्रच असते.

‘माझा फोटो चांगला येत नाही’ या वाक्यात एक गृहीतक लपलेले आहे. दोष चेहऱ्यात आहे, असे बोलणारा धरून चालतो. आम्हाला या लेखात दाखवायचे आहे ते असे, की चेहऱ्याचा फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा तीन गोष्टींमुळे: कॅमेऱ्याचे अंतर, प्रकाशाची दिशा व आकार, आणि कॅमेऱ्याने किती प्रकाश घेतला ते. यांतली एकही गोष्ट चेहऱ्यात नसते. तिन्ही मोजता येतात आणि बदलताही येतात.

चेहरे हवेत!

चेहरा पाहून नट निवडण्याची रीत आपल्या सिनेमाइतकीच जुनी आहे. ‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) दादासाहेब फाळके यांनी वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन नट मागवले. आलेल्या उमेदवारांना कंटाळून पुढच्या जाहिरातीत त्यांनी ‘कुरूप चेहऱ्यांनी अर्ज करू नयेत’ अशा अर्थाची ओळ घातली, असे सांगतात. तारामतीच्या कामासाठी एकही स्त्री तयार होईना. अखेर मुंबईतल्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांनी ती भूमिका केली. फाळके स्वतः छायाचित्रकार होते; गोध्र्याला त्यांचा स्टुडिओ होता.

त्याआधी साठेक वर्षे मुंबईत छायाचित्रण रुजू लागले होते. १८५४ साली बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी एक. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्गही निघाला. अलीकडच्या काळात मराठी माणसाने या कलेत नाव कमावल्याचे ठळक उदाहरण म्हणजे गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११). रसायनशास्त्र शिकलेल्या राजाध्यक्षांनी सिनेसृष्टीतल्या अनेकांची व्यक्तिचित्रे टिपली. ‘फेसेस’ हे त्यांचे पुस्तक १९९७ साली आले.

हेडशॉटची कसोटी सुंदर दिसण्याची नाही. फोटो पाहून ज्याला बोलावले, तोच माणूस दारातून आत आला पाहिजे. निवड करणारा फोटोवरून एक अपेक्षा बांधतो. प्रत्यक्षातला चेहरा वेगळा निघाला तर दोघांचाही वेळ वाया जातो. म्हणून निवडीसाठी पाठवायचे फोटो बहुधा साधेच मागतात: समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक, पूर्ण उंचीचा एक, रंगरंगोटी जवळजवळ नाही. परीक्षेच्या प्रवेशपत्रावरील फोटोचेही काम हेच. समोर बसलेली व्यक्ती तीच आहे ना, हे पर्यवेक्षकाला ओळखता आले पाहिजे.

अंतराचे गणित

हातभर अंतरावर मोबाइल धरून स्वतःचा फोटो काढला, तर नाक मोठे आणि कान लहान, मागे गेल्यासारखे दिसतात. असे का होते?

वस्तूची प्रतिमा किती मोठी उमटणार, हे वस्तूच्या कॅमेऱ्यापासूनच्या अंतरावर ठरते. अंतर दुप्पट झाले की प्रतिमा निम्मी होते. आपल्या नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतची खोली साधारण १२ सेंटिमीटर धरू. कॅमेरा नाकापासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर कान ४२ सेंटिमीटरवर असतो. ४२ भागिले ३० म्हणजे १.४. याचा अर्थ, कानाच्या तुलनेत नाक ४० टक्के जास्त मोठे उमटते. तोच कॅमेरा दीड मीटरवर नेला, तर १६२ भागिले १५० म्हणजे १.०८, फरक फक्त ८ टक्के. तीन मीटरवर तो ४ टक्के होतो. म्हणजे पहिल्या दीड मीटरमध्येच बहुतेक फायदा मिळून जातो. पुढे मागे सरकून फारसे हाती लागत नाही.

हा परिणाम डॉक्टरांनाही विचारात घ्यावा लागला आहे. नाक लहान करून घेण्यासाठी स्वतःचे मोबाइलवरचे फोटो दाखवत लोक येऊ लागले, तेव्हा अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये चेहऱ्याच्या भूमितीचे एक गणिती प्रारूप मांडले. सुमारे ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा जवळजवळ ३० टक्के रुंद भासते, असा त्यांचा निष्कर्ष होता. नाक होते तेवढेच होते, जवळ आला होता तो कॅमेरा.

व्यावसायिक छायाचित्रकार चेहऱ्यासाठी ८५ ते १०५ मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग वापरतात, हे अनेकांनी ऐकले असेल. भिंगामुळेच चेहरा नीट दिसतो, अशी समजूत त्यातून होते. ती अपुरी आहे. ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्यावर ८५ मिमीचे भिंग लावले, की डोके आणि खांदे चौकटीत बसवण्यासाठी छायाचित्रकाराला सुमारे १.७ मीटर मागे उभे राहावेच लागते. चेहऱ्याची प्रमाणे सुधारतात ती या मागे जाण्यामुळे. मोबाइलचा मुख्य कॅमेरा त्याच हिशेबात साधारण २४ ते २८ मिमीचा असतो. तेवढीच चौकट भरण्यासाठी तो आपल्याला पाऊण मीटरच्याही आत खेचतो.

यावर उपाय अगदी साधा आहे. मोबाइल घेऊन पावणेदोन मीटर मागे जावे, फोटो काढावा आणि नंतर भोवतालचा भाग कापून टाकावा. ‘असे केल्याने फोटो फुटणार नाही का?’ हिशेब करून पाहू. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत साधारण ४००० गुणिले ३००० ठिपके असतात. तिप्पट मागे गेल्यावर आपल्याला हवा तो भाग प्रत्येक बाजूने एकतृतीयांश उरतो, म्हणजे सुमारे १३३३ गुणिले १००० ठिपके. अर्जावरच्या ३.५ गुणिले ४.५ सेंटिमीटरच्या फोटोला दर इंचाला ३०० ठिपके या उत्तम छपाईसाठी ४१३ गुणिले ५३१ ठिपके पुरतात. म्हणजे कापूनही लागतात त्याच्या दुपटीहून अधिक शिल्लक राहतात.

मागे जाताना कॅमेऱ्याची उंचीही सांभाळावी. भिंग मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत असावे. उंच शिक्षकाने उभ्यानेच पाचवीतल्या मुलाचा फोटो काढला, की कपाळ मोठे आणि हनुवटी लहान होते. अशा वेळी शिक्षकाने स्टुलावर बसलेले बरे.

लहान प्रकाश, मोठा प्रकाश

भर दुपारी मैदानात काढलेल्या फोटोत डोळ्यांच्या खोबणीत काळोख असतो, नाकाखाली काळी रेघ असते, डोळे बारीक झालेले असतात. तोच चेहरा ओसरीवर शांत दिसतो. दोन्हीकडे प्रकाश सूर्याचाच, तरी फरक कसा पडला?

सावलीची कड किती तीव्र असेल, हे प्रकाशाचा स्रोत आपल्याला किती मोठा *दिसतो* यावर ठरते. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर. पण तो १५ कोटी किलोमीटर दूर असल्यामुळे आकाशात त्याने व्यापलेला कोन जेमतेम अर्धा अंश भरतो. एवढ्या लहान स्रोताची सावली धारदार पडते. उलट, एक मीटर रुंदीच्या खिडकीपासून एक मीटरवर बसलो, तर ती खिडकी सुमारे ५३ अंशांचा कोन व्यापते, म्हणजे सूर्याच्या शंभरपट रुंद. तिच्या एका भागातून येणारा प्रकाश नाकाने अडवला, तरी दुसऱ्या भागातला प्रकाश तिथे पोहोचतोच. म्हणून सावली मऊ होते.

मग पावसाळ्यातले ढगाळ आकाश सर्वांत चांगले का नाही? वेल्ह्याच्या खोऱ्यांत पावसाळ्यात कित्येक दिवस सूर्य दिसत नाही. सगळे आकाशच दिवा झालेले असते. पण दाट ढगांचे आकाश सगळीकडे सारखे उजळ नसते. माथ्यावरचे आकाश क्षितिजालगतच्या आकाशाच्या सुमारे तिप्पट तेजस्वी असते. त्यामुळे प्रकाश वरून जास्त येतो, आणि सावली मऊ असली तरी डोळे काळोखातच राहतात.

इथे आपली जुनी घरे मदतीला येतात. ओसरीच्या छपराखाली, कडेपासून पाऊण ते एक मीटर आत, तोंड बाहेर करून उभे राहिले की छप्पर माथ्यावरचा प्रकाश अडवते आणि समोरच्या आकाशाचा प्रकाश थेट डोळ्यांपर्यंत पोहोचतो. चौकाच्या वाड्यात चौकाकडे तोंड करून सोप्यावर उभे राहिले तरी हेच घडते. अंगण फरशीचे किंवा फिकट मातीचे असेल, तर खालूनही थोडा प्रकाश परततो आणि हनुवटीखालची सावली भरून निघते. विजेचे दिवे येण्यापूर्वीचे स्टुडिओ उत्तरेकडे मोठी काचेची तावदाने ठेवून बांधत, ते अशाच मोठ्या, मऊ, एका बाजूच्या प्रकाशासाठी.

उत्तरेच्या खिडकीबद्दल आपल्याकडे मात्र एक दुरुस्ती हवी. युरोपात उत्तरेच्या खिडकीतून दुपारी कधीच ऊन येत नाही. भोर साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. शून्य सावलीचा दिवस वर्गात घेणाऱ्या शिक्षकांना माहीत आहे, की मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या माथ्याच्या उत्तरेला असतो. त्या काळात उत्तरेच्या दारातही ऊन उतरू शकते. एरवी, विशेषतः अर्ज भरण्याच्या हिवाळ्याच्या दिवसांत, उत्तरेची ओसरी उत्तम.

चेहरा किंचित वळवला की एक गाल उजळ आणि दुसरा थोडा सावलीत जातो. चेहऱ्याची घडण, गालाचे हाड, नाकाची उंची या उतरत्या छटांतूनच आपल्याला कळते. सगळीकडून सारखा प्रकाश टाकला तर चेहरा सपाट होतो. सावलीची बाजू फार काळी झाली, तर तिकडे पांढरे धोतर, चादर किंवा पुठ्ठा धरावा. हा फुकटचा परावर्तक होय.

डोळ्यांत दिसणारा पांढरा ठिपका हेही परावर्तनच. बुबुळावरचा पारदर्शक पडदा बहिर्गोल आरशासारखा असतो. खिडकीची किंवा आकाशाची छोटी प्रतिमा त्यात दिसते. ती नसली तर डोळे निस्तेज वाटतात. वर्तमानपत्रातला कुणाही नटाचा मोठा फोटो घेऊन मुलांना हा ठिपका शोधायला सांगावे. तो चौकोनी की गोल, डावीकडे की उजवीकडे, एक की दोन, यावरून फोटो काढताना दिवे कुठे होते ते मुले ओळखू शकतात.

पांढरी भिंत आणि सावळा चेहरा

आता सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा. अर्जासाठी पांढरी पार्श्वभूमी मागतात, आणि नेमक्या तिच्यापुढेच सावळ्या मुलांचे चेहरे काळवंडतात. कारण कॅमेऱ्याला चेहरा सावळा आहे की गोरा, हे मुळात कळत नाही. त्याला फक्त परतून आलेला प्रकाश मोजता येतो. समोरचे दृश्य सरासरीने करड्या रंगाचे असेल, पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत पाठवत असेल, अशा गृहीतावर प्रकाशमापनाची जुनी पद्धत उभी आहे. पांढरी भिंत ८० टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत पाठवते. चौकटीत बहुतेक भाग भिंतीचा असला, की कॅमेरा समजतो प्रकाश फार झाला, आणि तो चौपटीहून अधिक कमी करतो. भिंत करडी होते आणि चेहरा काळा पडतो. ढोबळ मानाने गोऱ्या कातडीवरून एकतृतीयांश, तर गडद सावळ्या कातडीवरून एकदशांश प्रकाश परततो. त्यामुळे या चुकीचा सर्वांत जास्त फटका सावळ्या चेहऱ्याला बसतो. हल्लीचे मोबाइल चौकटीतला चेहरा ओळखून थोडीफार दुरुस्ती करतात. पण भिंत आणि चेहरा यांतला आठपटीचा फरक त्यांनाही जड जातो.

हा पक्षपात तंत्रात नवा नाही. मूकपटांच्या काळातली फिल्म निळ्या-हिरव्या प्रकाशाला संवेदनशील होती, तांबड्याला जवळजवळ आंधळी. आपली कातडी निळ्यापेक्षा तांबडा प्रकाश जास्त परत पाठवते. म्हणून चेहरे प्रत्यक्षापेक्षा काळे उमटत आणि नट पांढुरके लेप लावत. सर्व रंगांना प्रतिसाद देणारी फिल्म १९२० च्या दशकात सिनेमात रुळली. पुढे रंगीत फोटो आले, तेव्हा कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या तरुणीचे नमुनाचित्र पाठवी. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची कातडी बरोबर आली की छपाई बरोबर, असे मानले जाई. गडद रंगछटांतले बारकावे फिल्मला नीट टिपता येत नाहीत, अशी तक्रार चॉकलेट आणि लाकडी सामान बनवणाऱ्यांनी केली, तेव्हा कंपनीने त्यात लक्ष घातले. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेली नमुनाचित्रे आली ती १९९० च्या दशकात. २०१८ मध्ये जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या संगणकप्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के होती. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली.

शाळेत आपण काय करू शकतो? मुलाला भिंतीला टेकवू नये. भिंतीपुढे किमान दीड मीटर उभे करावे. चेहऱ्यावर ओसरीचा किंवा खिडकीचा प्रकाश पडू द्यावा आणि भिंत तुलनेने कमी उजेडात राहील असे पाहावे. असे केल्यावर आठपटीचा फरक आपोआप कमी होतो. मग मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवावे, म्हणजे कॅमेरा चेहऱ्यावरचा प्रकाश मोजतो. तरीही चेहरा काळा वाटला, तर बाजूला दिसणारी सूर्याची खूण वर सरकवून प्रकाश वाढवावा. भिंत थोडी जास्त पांढरी झाली तर बिघडत नाही.

चेहरा ‘उजळ’ करणारे तयार फिल्टर मात्र वापरू नयेत. कॅमेऱ्यात प्रकाश वाढवणे आणि फिल्टरने रंग बदलणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पुरेसा प्रकाश घेतला की सावळा चेहरा सावळाच राहतो, पण त्यातले बारकावे दिसू लागतात. फिल्टर कातडीचा रंगच बदलतो, आणि तीळ, व्रण, देवीच्या खुणा पुसून टाकतो. ओळख पटवण्यासाठी नेमके तेच लागते. शिवाय मुलीचा फोटो शिक्षकांनीच गोरा करून दिला, तर तिच्या मनात काय उतरेल, याचाही विचार व्हावा.

आरशातला मी, फोटोतला मी

अंतर, प्रकाश सगळे नीट झाले, तरी काही मुले म्हणतील, “हा मी वाटतच नाही.” त्यालाही कारण आहे. आपण स्वतःला रोज आरशात पाहतो, तिथे डावे-उजवे उलटलेले असते. कुणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी अगदी सारखा नसतो. भांग, भुवई, हसण्याचा तिरपेपणा फोटोत दुसऱ्या बाजूला जातो. १९७७ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थिनींना त्यांचा साधा आणि उलटवलेला असे दोन फोटो दाखवले. त्यांनी स्वतः बहुधा आरशासारखा फोटो पसंत केला, तर त्यांच्या मित्र-मैत्रिणींनी साधा. प्रत्येकाला सवयीचा चेहरा आवडला. म्हणजे आपल्याला परका वाटणारा तो फोटो इतरांच्या ओळखीचाच असतो.

सिनेमाकडे पाहणाऱ्यांसाठी

मोठ्या विद्यार्थ्यांसाठी दोन गोष्टी सांगून ठेवतो. साधा हेडशॉट वर सांगितलेल्या रीतीने घरच्या ओसरीवर निघतो. ‘आधी आमच्याकडून हजारो रुपयांचा पोर्टफोलिओ करून घ्या, मग काम देऊ’ असे कुणी म्हटले, तर सावध व्हावे. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. दुसरे, १४ वर्षांखालील मुलांच्या पडद्यावरील कामाला बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीने सशर्त परवानगी आहे. २०१७ च्या नियमांनुसार जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसात पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक काम घेता येत नाही, शाळा बुडता कामा नये, आणि मिळकतीचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत ठेवावा लागतो.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. एकाच मुलाचे ३० सेंमी, ७५ सेंमी, १५० सेंमी आणि ३०० सेंमी अंतरावरून फोटो घ्या. कापून चेहरा सारख्या आकाराचा करा. नाकाची रुंदी आणि दोन कानांमधील अंतर पट्टीने मोजा. गुणोत्तराचा आलेख काढा. तो कुठे सपाट होतो?

२. अंधाऱ्या खोलीत बॅटरीच्या उजेडात चेंडूची सावली पाहा. मग बॅटरीपुढे हातभर रुंद पांढरे कापड ताणून धरा. सावलीची कड कशी बदलते?

३. एकाच जागी, एकाच उजेडात, मुलाच्या मागे पांढरा, करडा आणि काळा कागद धरून तीन फोटो घ्या. मोबाइलला स्वतःहून काय करायचे ते करू द्या. चेहरा तिन्हीत सारखा आहे का?

४. चौथा फोटो पांढऱ्या कागदापुढेच, पण चेहऱ्यावर बोट ठेवून घ्या, आणि तिसऱ्या प्रयोगातल्या पहिल्या फोटोशेजारी ठेवा.

फोटो घेण्यापूर्वी मुलांची संमती घ्यावी आणि प्रयोग संपल्यावर फोटो मोबाइलमधून पुसून टाकावेत. चौथ्या प्रयोगासाठी, शक्य असेल तर, वर्गातली अशी मुले निवडावीत जी फोटोच्या वेळी मागच्या रांगेत जाऊन उभी राहतात.